मुंबईची लोकल आणि भुयारी मेट्रो: फोटोसाठी जागा, परवानगी, इंडिकेटर याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीची. कोकण रेल्वेचे फोटो काढायचा मला जुना नाद आहे. पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावरची मांडवी एक्सप्रेस, पावसाळ्यात जांभ्याच्या कटिंगमधून धुक्यातून येणारी दिवा गाडी, असले फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीला मामाकडे मुक्काम आहे. यंदा फिरणं, खरेदी सगळं बाजूला ठेवून फक्त लोकल आणि मेट्रो तीनचे, म्हणजे भुयारी मेट्रोचे, फोटो काढायचे असं ठरवलंय.

अडचण अशी की इकडची सवय तिकडे चालत नाही. आमच्याकडे बहुतेक मार्ग एकेरी. गाडी मागच्या स्टेशनात क्रॉसिंगला उभी आहे एवढं कळलं की निवांत जागा धरता येते. आधी हॉर्न ऐकू येतो, मग गाडी दिसते. फ्रेममध्ये डोंगर मोठा आणि गाडी बारीक. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून खांब आणि तारा मध्ये येतात, पण त्यांच्याशीही जमवून घेता येतं. मुंबईत तीन-चार मिनिटांनी गाडी, मागे इमारती, पुढे माणसं, आणि नेमकी आपली गाडी फ्रेममध्ये आली की शेजारच्या रुळावरून दुसरी लोकल आडवी येते. तिथे राहणारी मंडळी यातून वाट कशी काढतात?

मला मुख्यतः उघड्या दाराची लोकल टिपायची आहे. २०१७ च्या नाताळला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून जीव गेले आणि त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं रेल्वेने ठरवलं. ते व्हायलाच हवं. माझा मामेभाऊ रोज त्याच वळणावरून कामाला जातो, त्यामुळे मामी रोज त्याच्या फोनची वाट बघत असते. पण दाराच्या मधोमध असलेला तो उभा दांडा, हजारो हातांनी घासून चकचकीत झालेला, आणि त्याला एकाच वेळी धरलेले पाच-सहा हात, हे दृश्य काही वर्षांत दिसणार नाही. त्याची नीट नोंद राहावी असं मनापासून वाटतं. मुंब्र्याच्या वळणावर मात्र मी कॅमेरा घेऊन उभी राहणार नाही.

जागांचं म्हणाल तर मनात तीन आहेत. महालक्ष्मी स्टेशनजवळचा धोबीघाटाकडचा पूल सगळ्यांना माहीत आहे; तिथून गाडी वरून मिळते, पण दार दिसत नाही. दुसरं सँडहर्स्ट रोड. तिथे हार्बरचा फलाट वर आणि मेन लाइन खाली, म्हणजे दोन गाड्या एकाच फोटोत यायला हव्यात. कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला उभं राहिलं की ते जमतं? तिसरं अंधेरी. मेट्रो वन तिथे लोखंडी पुलावरून पश्चिम रेल्वेचे रूळ ओलांडते. खाली लोकल, वर मेट्रो असा फोटो फलाटावरून मिळतो की बाहेर पादचारी पुलावर जावं लागतं? संध्याकाळच्या उन्हासाठी चर्नी रोड ते मरीन लाइन्स हा पट्टाही डोक्यात आहे, कारण पश्चिमेचं ऊन थेट डब्यांच्या बाजूवर पडतं.

परवानगीचा मुद्दा जरा सविस्तर सांगा. रुळांवर उतरायचा प्रश्नच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव. दिवाळीच्या गर्दीत मोठ्या स्टेशनांवर फलाट तिकीट बंद ठेवतात, म्हणून मी प्रवासाचं तिकीट काढूनच फिरेन. पण मोठी लेन्स बघून आरपीएफवाल्यांनी (रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांनी) हटकलं तर काय सांगायचं? स्टेशन मास्तरांना आधी भेटलं तर बरं पडतं का? आणि बाईमाणसाने फलाटाच्या अगदी टोकाला एकटं उभं राहावं का? हे तिथल्या बायकांनीच सांगितलं तर जास्त पटेल.

आता तांत्रिक. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, सोबत ५५-२५० एमएमची झूम लेन्स आणि ५० एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. लोकलच्या कपाळावरच्या एलईडी इंडिकेटरची अक्षरं शटर वेगवान ठेवलं की अर्धवट येतात, कारण ते दिवे सगळे एकदम न पेटता ओळीओळीने लुकलुकतात. शटर १/६० वर आणलं तर अक्षरं पूर्ण येतात, पण धावती गाडी पुसली जाते. पॅनिंग (गाडीबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढणं) इकडे जमतं, कारण इथे मोकळी जागा असते. गर्दीच्या फलाटावर वळायलाच जागा नाही. तुम्ही गाडी थांबता थांबता काढता की ट्रायपॉडशिवाय आणखी काही युक्ती आहे?

मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते, साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्टेशनं. पण फलाटावर काचेचे दरवाजे, त्यामुळे गाडी अशी दिसतच नाही, काचेत आपणच दिसतो. रबरी हूड काचेला टेकवून बघायचा विचार आहे. मोठ्या कॅमेऱ्याला मेट्रोचे सुरक्षारक्षक आत सोडतात का, की तिथे फोनवरच भागवावं लागतं? अनुभव असेल तर स्टेशनचं नाव सांगून लिहा.

चेहऱ्यांबद्दलही बोलायचं आहे. दारातल्या माणसांना विचारायला वेळ नसतो आणि न विचारता कुणाचा थकलेला चेहरा टिपणं मला योग्य वाटत नाही. महिलांच्या डब्याकडे कॅमेरा वळवायचा नाही हे मी ठरवलंय. बाकी ठिकाणी १/१५ च्या आसपास शटर ठेवून माणसं धूसर आणि फलाट स्पष्ट, असं करावं म्हणते. यापेक्षा चांगला मार्ग कुणाला सापडला असेल तर जरूर लिहा.

कुणाला कोकण रेल्वेच्या जागा हव्या असतील तर विचारा, कुठे सकाळचं ऊन मिळतं आणि कुठे नाही ते सगळं सांगेन.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे देखभालीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद, त्यामुळे तो दिवस पश्चिम रेल्वेला द्यावा की मेट्रोला? आणि सँडहर्स्ट रोडचं उत्तर तेवढं आधी द्या, बाकीचा बेत त्यावरच बसवणार आहे.