कासची फुलं आणि खिशातला कॅमेरा

रानवाटा: १ इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा) कॅमेरा आहे. कास पठारावरचं सीतेची आसवं हे इवलंसं फूल जवळून टिपताना फोकस लागत नाही, आणि एफ/११ ला (लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवून) फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर येतो. काय चुकतंय?

झुळूक: झूम करून जवळ जाताय ना? झूम वाढला की फोकसचं किमान अंतरही वाढतं. लेन्स पूर्ण वाइडवर (झूम न करता) ठेवा, फोकसचा चौकोन सर्वांत लहान करून पाकळीच्या कडेवर आणा. एफ/११ विसरा! एवढ्याशा सेन्सरवर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) बारकावे जातात. एफ/४ ते ५.६ पुरे.

टिपकागद: पठारावर वारा असतोच. शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो, कमाल १६००. ५-६ फ्रेमचा बर्स्ट (सलग फोटो) मारा, एखादी शार्प निघते. फूल मात्र पायवाटेच्या कडेचंच निवडा, आत शिरलात तर दहा तुडवाल.

रानवाटा: वाइडवर इतकं जवळ गेल्यावर फुलावर लेन्सची सावली पडते?

झुळूक: पडते. सूर्य पाठीमागे नको, बाजूला घ्या.