गुरुत्वीय भिंगातून मोजलेल्या तेजावर किती विसंबावे?

धागालेखक

२०२२ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडलेला ‘एअरेंडेल’ हा सुटा ओळखता आलेला सर्वांत दूरचा तारा म्हणून गाजला. त्याचा प्रकाश सुमारे १२.९ अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता. वाटेतल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा तो वळवून एकवटला नसता, तर तो दिसलाच नसता, हे मान्य. पण मूळ शोधनिबंधातच विवर्धनाचा, म्हणजे भिंगामुळे तेज किती पट वाढले याचा, अंदाज १,००० पट ते ४०,००० पट असा पसरलेला होता. दिसणाऱ्या तेजाला इतक्या सैल आकड्याने भागून ताऱ्याचे वस्तुमान सांगणे मला पटत नाही. शिवाय या भिंगातले बहुतांश द्रव्य कृष्णद्रव्य (प्रकाश न देणारे, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे) आहे, म्हणजे ज्या काचेतून आपण पाहतो ती काचच आपल्याला दिसत नाही.

पहिला प्रतिसाद

आपण टोकाचे उदाहरण घेतले आहे. एअरेंडेल नेमका अशा रेषेलगत आहे, जिथे विवर्धन इंचाइंचाने नव्हे तर उड्या मारत वाढते. एरवी ते पाच-दहा पटींचे असते आणि बरेच नेमके ठरवता येते. २०१४ मध्ये मॅक्स जे११४९ या दीर्घिकासमूहातील एका दीर्घिकेभोवती, तिच्या मागे दूरवर असलेल्या ‘रेफ्सडाल’ या अतिनवताऱ्याच्या (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या) चार प्रतिमा वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या प्रकाशामुळे दिसल्या. त्याच ताऱ्याची आणखी एक प्रतिमा कुठे आणि साधारण केव्हा उगवेल, हे अनेक गटांनी आधीच लिहून ठेवले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती उगवली. भाकीत सपशेल फसण्याची पूर्ण संधी असताना ते फसले नाही, याला पुरावा म्हणायचे नाही तर कशाला?

दुसरा प्रतिसाद

पुरावा आहेच, पण प्रामुख्याने जागेचा आणि वेळेचा. भिंगात सर्वत्र सारख्या घनतेचा द्रव्याचा थर मिळवून बाकीचे द्रव्य त्या प्रमाणात कमी केले, तर प्रतिमांच्या जागा तशाच राहतात, मात्र विवर्धन बदलते. याची थेट तपासणी मूळ तेज ठाऊक असलेला ‘१ए’ प्रकारचा अतिनवताराच करू शकतो; रेफ्सडाल त्या प्रकारचा नव्हता.

तिसरा प्रतिसाद

वाद तेजापुरताच का ठेवायचा? गुरुत्वाकर्षण निळा प्रकाश आणि तांबडा प्रकाश सारखाच वळवते. त्यामुळे दीर्घिकेच्या एकाच भागातून आलेल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या वर्णरेषांच्या (वर्णपटातल्या त्यांच्या खास रेषांच्या) तेजाचे गुणोत्तर विवर्धनाने बदलत नाही, आणि त्यावरून तिथल्या वायूत जड मूलद्रव्ये किती, हे विवर्धनाचा आकडा न वापरता काढता येते. एरवी वर्णपट घेण्याइतका प्रकाशच मिळाला नसता. उणीव दुसरीच आहे: दहापट विवर्धन झालेल्या भागात आपण आकाशाचा दहावा हिस्साच पाहत असतो, म्हणून विरळ आणि तेजस्वी दीर्घिका शोधायला मोकळे आकाशच बरे. २०२४ मध्ये जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही अतिदूरची दीर्घिका अशीच, समूहाच्या भिंगाविना सापडली.

धागालेखक

वर्णपटाचा मुद्दा मी निमूटपणे स्वीकारतो. माझा आक्षेप त्याला लागू होत नाही. तेज आणि वस्तुमान यांबाबत मात्र मी ठाम आहे: आकडा छापताना विवर्धनाने भागण्यापूर्वीचे मोजमाप शेजारीच द्यावे, म्हणजे उद्या भिंगाचे प्रारूप बदलले तरी वाचणाऱ्याला नवा भागाकार स्वतःच करता येईल.