केंद्राच्या निवडणुकीत प्रथमच मत देणार आहे: कोणता प्रश्न सर्वांत आधी धरावा?

नवमतदार (ब्रॅम्प्टन), ९ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी मी कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. फेब्रुवारीत ओंटारियो विधानसभेसाठी मत दिले आणि आता २८ एप्रिलला केंद्राच्या निवडणुकीत प्रथमच मत देणार आहे. जानेवारीपर्यंत इंधनावरचा कार्बन कर आणि पंतप्रधान ट्रूडो यांच्या कारकिर्दीचा हिशेब हेच निवडणुकीचे विषय असतील असे वाटत होते. ट्रूडो पायउतार झाले, मार्चमध्ये त्यांच्याच लिबरल पक्षाचे कार्नी पंतप्रधान झाले, त्यांनी ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणला, आणि अमेरिकेच्या आयातशुल्कामुळे सगळी चर्चाच दुसरीकडे वळली.

आमच्या घरात मात्र चौघांचे चार प्रश्न आहेत. आम्ही २०२० मध्ये दोन टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने घेतलेल्या गृहकर्जाचे या उन्हाळ्यात नूतनीकरण आहे आणि हप्ता बराच वाढणार आहे. सव्वीस वर्षांचा मुलगा चांगल्या नोकरीत असूनही याच शहरात स्वतःचे घर घेण्याची आशा सोडून बसला आहे. सासूबाईंना गेल्या हिवाळ्यात रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात अख्खी रात्र खुर्चीवर बसून काढावी लागली, ती रात्र मी विसरू शकत नाही. यजमान गोदामात काम करतात आणि सीमेपलीकडून येणारा माल कमी झाला तर पाळ्या कमी होतील अशी त्यांना धास्ती आहे. त्यात गल्लीतल्या दोन गाड्या अंगणातून चोरीला गेल्या, ते वेगळेच.

मत एकच आहे. कोणत्या पक्षाला द्यावे हे मी विचारत नाही, ते मी ठरवीन. यांपैकी कोणता प्रश्न आधी धरावा आणि तो का, एवढेच मला जाणत्यांकडून समजून घ्यायचे आहे.

---

विंडसरकर

ताई, मी गेली एकोणीस वर्षे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, त्यामुळे माझे उत्तर तुम्हाला एकांगी वाटू शकेल. तरीही आमच्याकडे काय चालले आहे ते सांगतो.

३ एप्रिलपासून अमेरिकेने परदेशी मोटारींवर २५ टक्के शुल्क लावले. त्याआधी १२ मार्चला पोलाद आणि ॲल्युमिनियमवर तेवढेच लावले होते. मोटारींच्या बाबतीत कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या व्यापार करारात बसणाऱ्या कॅनेडियन गाडीच्या अमेरिकी भागांना सूट आहे, पण आमच्यासारख्यांना तिचा दिलासा फारसा वाटत नाही, कारण इथला उद्योग १९६५ च्या मोटार करारापासून सीमा नसल्यासारखाच उभा राहिला आहे. एखादा भाग ओतला जातो इकडे, घासला जातो तिकडे, पुन्हा इकडे येऊन जोडला जातो आणि गाडीत बसून परत पलीकडे जातो. शुल्क जाहीर होताच आमच्या शहरातला मोठा जोडणी कारखाना दोन आठवड्यांसाठी थांबला. तो थांबला की आमचे यंत्रही थांबते, आमचे थांबले की कोपऱ्यावरच्या खानावळीत दुपारी माणूस दिसत नाही.

कॅनडाच्या मालाच्या निर्यातीपैकी सुमारे तीन चतुर्थांश माल अमेरिकेला जातो, आणि तीन देशांच्या व्यापार कराराचा फेरआढावा २०२६ मध्ये ठरलेला आहे. त्या वेळी टेबलावर कोण बसणार, प्रतिशुल्क कुठे लावायचे आणि कुठे आवरायचे, त्यातून जमा होणारा पैसा कामगारांपर्यंत कसा पोहोचवायचा, हे सर्व निर्णय ओटावाला, म्हणजे केंद्र सरकारलाच घ्यायचे आहेत. रुग्णालयासाठी तुम्ही प्रांताचे दार ठोठावू शकता आणि रस्त्यासाठी नगरपालिकेचे, पण या प्रश्नासाठी दुसरे दारच नाही. यजमानांच्या पाळ्या राहिल्या तर हप्ताही भरला जाईल, म्हणून मी हा प्रश्न पहिला धरतो.

---

निवृत्त नगररचनाकार (मिसिसागा)

विंडसरकरांनी 'दुसरे दार नाही' ही कसोटी लावली, ती मला फार योग्य वाटते. नवमतदार ताईंच्या यादीला तीच लावून पाहू.

गृहकर्जाचा व्याजदर कोणताही पक्ष ठरवत नाही. मध्यवर्ती बँकेचा मूळ दर २०२२ च्या आरंभापर्यंत पाव टक्का होता, जुलै २०२३ मध्ये तो पाच टक्क्यांवर गेला आणि या मार्चमध्ये पावणेतीनवर आला. बँक हे निर्णय स्वतंत्रपणे घेते आणि पाच वर्षांच्या स्थिर दराचे कर्ज तर रोखेबाजारातल्या दरांप्रमाणे हलते. सरकारच्या खर्चाचा परिणाम दूरवरून होतो, पण 'आम्ही तुमचा हप्ता कमी करू' असे दारावर येऊन कोणी सांगितले, तर ते कसे करणार हे अवश्य विचारा.

रुग्णालय चालवणे हे प्रांताचे काम. केंद्राच्या हाती १९८४ चा आरोग्य कायदा आणि पैशाचा वाटा आहे. या आर्थिक वर्षात प्रांतांना आरोग्यासाठी सुमारे ५४.७ अब्ज डॉलर हस्तांतरित होतील. ब्रॅम्प्टनच्या नगरपरिषदेने जानेवारी २०२० मध्ये आरोग्यसेवेची आणीबाणी जाहीर केली होती, ती मुख्यतः प्रांताला जागे करण्यासाठीच. तेव्हा सासूबाईंची ती रात्र आपल्या प्रांतिक आमदारापुढे ठेवा, त्यांना पत्र लिहा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडू नका. दंतसेवा योजना आणि गेल्या ऑक्टोबरमधला औषधांचा कायदा या मात्र केंद्राच्या गोष्टी आहेत, आणि त्या पुढे टिकतील की आखडतील, हा याच निवडणुकीचा प्रश्न आहे.

आता घरांविषयी, कारण माझे आयुष्य त्यातच गेले. केंद्रीय गृहनिर्माण संस्थेने २०२३ मध्ये असा अंदाज दिला होता, की २०३० पर्यंत नेहमीच्या बांधकामाच्या वर आणखी ३५ लाख घरे हवीत. दोन्ही मोठे पक्ष पहिला उपाय म्हणून विक्रीकर माफ करू पाहतात. लिबरल पक्ष प्रथमच घर घेणाऱ्यांना दहा लाख डॉलरपर्यंतच्या नव्या घरावर, तर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष तेरा लाखांपर्यंतच्या नव्या घरावर. हा कर पाच टक्के आहे. तो गेला तर मुलाला थोडी मदत होईल, पण घर उभे राहणार नाही.

घर अडते ते जमिनीच्या वापराच्या नियमांत, मंजुरीच्या खिडकीत आणि नगरपालिकेच्या विकास शुल्कात. जिथे केवळ एका कुटुंबाचे स्वतंत्र घर बांधता येते, अशी जमीन आपल्या भागात मैलोन्‌मैल पसरली आहे. तिथे चार कुटुंबांची छोटी इमारत बांधू म्हटले की शेजारी सुनावणीला येतात आणि नगरसेवक त्यांचे ऐकतात. अशा कित्येक सुनावण्यांत मी टेबलाच्या सरकारी बाजूला बसलो आहे. विरोध करणाऱ्यांत आपली मराठी माणसेही असत, आणि त्यांचीच मुले आज घर मिळत नाही म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते. केंद्र यात थेट हात घालू शकत नाही, पण पैशाची अट घालू शकते. लिबरल पक्ष अनेक कुटुंबांच्या इमारतींवरचे विकास शुल्क अर्धे करण्यासाठी नगरपालिकांना पैसे देऊ म्हणतो, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष दरवर्षी १५ टक्के अधिक घरे न बांधणाऱ्या शहरांचा निधी रोखू म्हणतो. या दोन मार्गांतला फरक समजून घेऊन मत देणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माझ्या मते पहिला प्रश्न घरांचाच.

---

कॅल्गरीतली एक वाचक

मला दोघांचेही म्हणणे पटते आणि तरीही काहीतरी सुटते आहे असे वाटते. शुल्काचा धोका खराच आहे, पण आपण एकाच गिऱ्हाइकावर इतके अवलंबून का राहिलो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्याकडचे तेल वर्षानुवर्षे जवळजवळ सगळे अमेरिकेलाच आणि कमी भावाने जात राहिले, कारण समुद्रापर्यंत पुरेशी तेलवाहिनीच नव्हती. उत्तर ब्रिटिश कोलंबियातून जाणारी वाहिनी २०१६ मध्ये नाकारली गेली, पूर्वेकडची २०१७ मध्ये कंपनीनेच सोडली. ट्रान्स माउंटन ही वाहिनी केंद्राला २०१८ मध्ये विकत घ्यावी लागली आणि तिचा विस्तार सुरू झाला मे २०२४ मध्ये, सुमारे ३४ अब्ज डॉलर खर्चून.

म्हणून माझा पहिला प्रश्न मोठ्या प्रकल्पांच्या मंजुरीचा आहे. २०१९ च्या प्रभाव मूल्यांकन कायद्याचा बराचसा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला, त्यानंतर तो दुरुस्त झाला. कॉन्झर्व्हेटिव्ह तो रद्दच करू म्हणतात, कार्नी म्हणतात की कायदा राहील पण एका प्रकल्पाची एकच तपासणी होईल आणि निर्णय दोन वर्षांत लागेल. आमच्या आल्बर्टा प्रांताबाहेरच्या मतदारांना हा प्रांतिक हट्ट वाटतो, ते वाचून मला मनापासून दुःख होते. विंडसरच्या कारखान्यावर आलेले संकट राष्ट्रीय असेल, तर आमच्यावर इतकी वर्षे असलेले संकट केवळ स्थानिक का मानायचे?

---

विंडसरकर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला. मी खरोखर तसा विचार केला नव्हता. मात्र वाहिनी आज मंजूर झाली तरी तेल वाहायला वर्षे लागतील आणि आमच्याकडे पुढच्या महिन्याचा पगार टांगणीला आहे. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असले, तरी एक आगीचा आहे आणि दुसरा विहिरीचा.

---

कॅम्लूप्सहून

आगीचा उल्लेख झाला म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे तो अलंकार राहिलेला नाही. येथून दोनेक तासांवर लिटन नावाचे छोटे गाव आहे. २९ जून २०२१ रोजी तिथे ४९.६ अंश तापमान नोंदले गेले, कॅनडाच्या इतिहासातले सर्वाधिक, आणि दुसऱ्याच दिवशी गाव जळाले. गेल्या जुलैत वणव्यात जॅस्पर गावाच्या सुमारे एक तृतीयांश इमारती गेल्या. हे मतदार याद्यांवरचे लोक आहेत, आणि या प्रचारात हवामानाबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही.

ब्रिटिश कोलंबियाने स्वतःचा कार्बन कर २००८ मध्येच लावला होता, तोही ग्राहकांपुरता १ एप्रिलला संपला. केंद्राच्या योजनेत वसुलीचा बहुतांश भाग कुटुंबांना परत जात असे, २०२४-२५ मध्ये ओंटारियोतल्या चौघांच्या कुटुंबाला १,१२० डॉलर मिळाले. पेट्रोलपंपावरचा आकडा सर्वांना दिसला, खात्यात आलेली रक्कम फार थोड्यांच्या लक्षात राहिली. आता उरला आहे तो मोठ्या उद्योगांवरचा कार्बन दर. लिबरल तो ठेवू म्हणतात, कॉन्झर्व्हेटिव्ह काढू म्हणतात. नवमतदार ताई, तुमच्या मुलाला घर हवे आहे. त्या घराचा विमा पंचवीस वर्षांनी कोणी उतरवील का, हाही घराचाच प्रश्न आहे.

---

मत नसलेला (लंडन, ओंटारियो)

मी नाशिकहून शिक्षणासाठी आलो, आता शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर आहे. मला मत नाही, पण प्रत्येक सभेत माझ्यासारख्यांचा विषय निघतो. तात्पुरत्या रहिवाशांची संख्या लोकसंख्येच्या पाच टक्क्यांवर आणायचे ठरले आहे आणि कायमस्वरूपी निवासाचे या वर्षीचे लक्ष्य ३ लाख ९५ हजारांवर आणले आहे, जे आधी पाच लाख होते. घरांचा ताण पाहता संख्या आवरणे मी समजू शकतो. माझी विनंती एवढीच, की जे आधीच इथे आहेत, कर भरतात आणि नियमांप्रमाणे वागले आहेत, त्यांच्यासाठी नियम अर्ध्या वाटेत पुन्हा बदलणार का, हे कृपया तुमच्या उमेदवारांना विचारा. आम्हाला दारावर कोणी विचारायला येत नाही.

---

नवमतदार (ब्रॅम्प्टन), १३ एप्रिल २०२५

सर्वांचे मनापासून आभार. सगळी उत्तरे रात्री जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. सासूबाईंनी मिसिसागाच्या काकांचे म्हणणे ऐकून लगेच सांगितले, की पत्र मराठीत मी सांगते, इंग्रजीत तू लिही. ते प्रांतिक आमदारांना उद्या जाईल.

'दुसरे दार नाही' ही कसोटी लावल्यावर व्यापाराचा प्रश्न मी पहिला धरला आहे, पण विंडसरकरांच्या आणि कॅल्गरीच्या ताईंच्या म्हणण्यासह: आजचा पगार कसा वाचवणार आणि उद्या दुसरे गिऱ्हाईक कसे मिळवणार, दोन्ही विचारणार. घरांचा प्रश्न दुसरा. मुलाने मात्र स्पष्ट सांगितले, की त्याच्या मते क्रम उलटा आहे आणि तो घरांवरच मत देईल. मी त्याची समजूत घालायला गेले नाही. हवामानाबद्दल मी काही ठरवू शकले नाही, आणि ते इथे कबूल करणे मला योग्य वाटते.

शनिवारी एका पक्षाच्या उमेदवार दारावर आल्या होत्या. मी त्यांना कामाच्या परवान्यावरच्या मुलांबद्दल विचारले. त्या थोडा वेळ थांबल्या, मग वहीत लिहून घेतले आणि उत्तर ईमेलने पाठवते म्हणाल्या. आले तर इथे देईन. दुसऱ्या उमेदवारालाही हेच विचारायचे आहे. १७ तारखेचा इंग्रजीतला वादसंवाद पाहून १८ तारखेला, गुड फ्रायडेच्या सुट्टीत, आम्ही तिघे आगाऊ मतदान करू. सासूबाईंना मत नाही, पण त्या केंद्रापर्यंत बरोबर येणार आहेत.