पठाणांना कायदाच नको होता?

कुणीतरी लिहिलंय की पठाणांना कायदा नकोच असतो, त्यांना जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, पुरते. मला हे पटत नाही. पाकिस्तानातल्या अफगाण सीमेवरच्या दक्षिण वझिरिस्तानचंच बघा ना, तिथे 1901 चा एफसीआर (फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन) नावाचा इंग्रजांचा कायदा पाकिस्तान झाल्यावरही 2018 पर्यंत चालू होता, म्हणजे पॉलिटिकल एजंट हा सरकारी अधिकारी हाच कलेक्टर, तोच न्यायाधीश, आणि एकाने गुन्हा केला की त्याच्या अख्ख्या जमातीला दंड, दुकानं सील, माणसं आत! कोर्टात अपील नाही, वकील नाही. लहान मुलांना यातून जरा संरक्षण मिळालं ते 2011 च्या दुरुस्तीत, इतक्या उशिरा. मतदान तर 1997 पर्यंत फक्त सरकारमान्य मलिक लोकांना, म्हणजे जमातीच्या पुढाऱ्यांना, ज्यांना एजंटकडूनच भत्ता मिळायचा. आणि हे मलिक बसवून एजंट जी जिरगा भरवायचा ती गावाची जिरगा नव्हेच, हा फरक आपण विसरतो.

मग 2018 मध्ये पाकिस्तानची 25 वी घटनादुरुस्ती झाली, हा भाग खैबर पख्तुनख्वा प्रांतात आला, एजन्सीचा (एजंटच्या ताब्यातल्या भागाचा) जिल्हा झाला, एजंटचा डेप्युटी कमिशनर झाला, खासादार, म्हणजे जमातींतले स्थानिक शिपाई, पोलिसात घेतले. 2022 मध्ये जिल्ह्याचे दोन भाग केले, वरच्या भागात मुख्यतः मेहसूद जमात, खालच्या भागात वाना हे गाव आणि अहमदझाई वझीर जमात. पण 2009 च्या लष्करी कारवाईत घरदार सोडावं लागलेले मेहसूद वर्षानुवर्षं डोंगराखालच्या टांक, डेरा इस्माईल खान या शेजारच्या जिल्ह्यांकडे पडून होते, आणि जिल्ह्याची ऑफिसंसुद्धा कितीतरी काळ जिल्ह्याबाहेर टांकमध्येच. साध्या दाखल्यासाठी डोंगर उतरून यायचं. अशा लोकांना कायदा नको होता असं कसं म्हणणार?