मदत हवी आहे: रक्त-आव पडतेय, तरी शौचाचं कल्चर (जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह

दोन वर्षांचं मूल. दोन दिवस ताप, थोडी थोडी पण सतत शी, रक्त आणि आव, कुंथणं. मायक्रोस्कोपखाली पू-पेशींचे पुंजके, अमीबा नाही. कोरडा स्वॅब (कापसाच्या काडीवरचा नमुना) सकाळी घेतला, प्लेटवर दुपारी लागला. मॅक्कॉन्की आणि एक्सएलडी या जिवाणू वाढवायच्या माध्यमांवर काही नाही, म्हणून 'रोगकारक जिवाणू आढळले नाहीत' असा रिपोर्ट गेला. डॉक्टर विचारताहेत, अँटिबायोटिक थांबवू का? नेमकं काय निसटलं असेल?

प्रतिसाद १
लक्षणं शिगेलाची (रक्ती आव करणारा जिवाणू) आहेत आणि स्वॅब कोरडा होता, तिथेच घोळ आहे. शिगेला शरीराबाहेर फार नाजूक. स्वॅब वाळला की तो मरतो, आणि शी ठेवून दिली की तिचं आम्ल वाढूनही मरतो. नमुना दोन तासांत प्लेटवर हवा. जमणार नसेल तर कॅरी-ब्लेअर माध्यमात (नमुना नेताना जिवाणू जिवंत ठेवणारं माध्यम) घालून फ्रीजमध्ये ठेवा. डायपरमधलं पातळ पाणी घेऊ नका, रक्त-आवेचा कणच उचला. आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. एक्सएलडीवर शिगेलाच्या वसाहती लाल दिसतात, साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूच्या बहुधा लाल पण मध्ये काळ्या.

प्रतिसाद २
रक्ती जुलाब करणारा आणखी एक जिवाणू, कॅम्पिलोबॅक्टर, तुम्ही शोधलाच नाहीत. त्याला वेगळं सिलेक्टिव्ह (इतर जिवाणूंना रोखणारं) माध्यम, ४२ अंश सेल्सिअस, सुमारे ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ४८ ते ७२ तास लागतात. मेणबत्तीच्या बरणीत (आत मेणबत्ती पेटवून झाकण लावलेली बरणी) ऑक्सिजन पुरेसा कमी होत नाही.

ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं दुखणं वेगळंच. मॅक्कॉन्कीवरच्या गुलाबी वसाहतींत रोग करणारा कोणता आणि नेहमीचा कोणता, हे नजरेला कळत नाही. रोग करणाऱ्या बहुतेक प्रकारांना पीसीआरच (जनुकं शोधणारी चाचणी) लागतो. ओ१५७ हा त्याचा घातक प्रकार मात्र सॉर्बिटॉल (एक साखर) घातलेल्या मॅक्कॉन्कीवर रंगहीन उठून दिसतो. रक्त भरपूर आणि ताप नाही, असं असेल तर तो आधी शोधा. त्यात अँटिबायोटिक टाळतात, कारण किडनी निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. लघवी कमी होणं, मूल पांढरंफटक पडणं यावर पुढचे आठ-दहा दिवस नजर हवी.

धागाकर्ती
ताप १०३ आहे. मग औषध चालू ठेवायचं?

प्रतिसाद १
हो. ताप आणि रक्त-आव असताना अशा स्वॅबच्या निगेटिव्ह रिपोर्टवर औषध थांबवू नये. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सिप्रोफ्लॉक्सासिन, दर डोसला किलोमागे १५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ३ दिवस. तुमच्याकडे जिवाणूंचा या औषधाला रेझिस्टन्स जास्त असेल तर डॉक्टर अझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन निवडतील. ४८ तासांत उतार नाही पडला तर औषध बदलायचं. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस १०० ते २०० मिली, झिंक रोज २० मिग्रॅ १० ते १४ दिवस. जुलाब थांबवणारं लोपरामाइड अजिबात नको.

प्रतिसाद २
रिपोर्टची भाषाही बदला. 'साल्मोनेला, शिगेला वाढले नाहीत. नमुना उशिरा व कोरडा मिळाला. कॅम्पिलोबॅक्टर तपासला नाही' असं लिहा. डॉक्टरांना ठरवायला तेवढं पुरतं.