गुडघ्याचे फॉर्म: कामाचे की नुसती कागदं?

गिरगावकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "फॉर्म भरून गुडघा कळत नाही, एक्स-रे बघा." अहो, एक्स-रेत सांधा पार झिजलेला आणि माणूस शिवाजी पार्कला फेऱ्या मारतोय, असंही असतं. उलटही असतं: फिल्म बरी, रात्रभर ठणका. तो ठणका पेशंटशिवाय कोण सांगणार? ऑक्सफर्ड म्हणून गुडघ्याचा फॉर्म आहे, पेशंटनेच भरायचा: दुखणं आणि रोजची कामं यांवर १२ प्रश्न, ४८ पैकी गुण. इंग्लंडात २००९ पासून सांधा बदलण्याआधी आणि नंतर हेच भरून घेऊ लागले. आपल्याकडे डॉक्टर विचारतात, "कसंय?" आपण म्हणतो, "बरंय." झाली तपासणी!

स्पष्टवक्ता: ती पोस्ट माझीच. "बरंय" म्हणणारा फॉर्मवरही बरंयच लिहिणार ना! आमच्या आईने ऑपरेशननंतर सगळीकडे "त्रास नाही"वर खूण केली. का, तर डॉक्टरांना वाईट वाटू नये. आणि तो दुसरा गुडघ्याचा फॉर्म, कूस (KOOS), त्यात ४२ प्रश्न, एक तर बाथटबमध्ये उतरता येतं का! आमच्याकडे मोरी आहे. टब भाड्याने आणू?

फिजिओताई: आईंचा फॉर्म तुम्ही शेजारी बसून भरून घेतलात ना? एकटीला भरू द्या, मग बघा. टबचं मात्र खरंय. मांडी घालणं कूसमध्ये कुठेच नाही, आणि उकिडवं बसणं टाकलंय खेळाच्या भागात! म्हणूनच फॉर्म आपल्या लोकांवर तपासावा लागतो. गुडघा तसाच असताना आठवड्याने पुन्हा भरला तर गुण तेवढेच येतात का? सुधारल्यावर हलतात का? फुटबॉल खेळताना लिगामेंट फाटलेल्या पोराला ऑक्सफर्ड दिलात तर गुण भरभरून येतील, पण मैदानात पाय वळवताच गुडघा दगा देईल.

स्लो_लोकल: ऑक्सफर्डमध्ये जिना उतरण्याचा प्रश्न आहे. तो स्टेशनवाल्यांना पाठवा! आमच्याकडे सरकता जिना फक्त वर जातो. उतरतानाच तर कळ येते.

स्पष्टवक्ता: लिफ्ट आहे की.

स्लो_लोकल: पाहिलीत कधी? पुलाच्या दुसऱ्या टोकाला! तिथवर चालायचं, मग रांगेत उभं राहायचं. त्यापेक्षा कठडा धरून उतरलेलं बरं.

पेन्शनर: आमच्या सोसायटीत लिफ्टला विरोध कुणाचा? पहिल्या मजल्याचा. तीन सभा झाल्या, हातघाईवर आले लोक.

गिरगावकर: विषय गुडघा आहे, लिफ्ट नाही!

स्लो_लोकल: तुमचा गुडघा टॅक्सीने फिरतो वाटतं.

पेन्शनर: आणि मेंटेनन्स मात्र सगळ्यांना सारखा हवा!

स्पष्टवक्ता: बरं बाई, आईला पुन्हा फॉर्म देतो. मी बाहेर गॅलरीत बसतो. टबवाला प्रश्न मात्र खोडणार.

फिजिओताई: खोडू नका, रिकामा सोडा. त्या भागातले निम्मे प्रश्न भरलेले असले तरी गुण काढता येतात.

स्पष्टवक्ता: निम्म्यात भागतं? मग बाकीचे विचारता कशाला!