मदत हवी आहे: लॅबमधल्या मुलीला बोलतं कसं करू?
नमस्कार मंडळी, मी पुण्यात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतेय, हाताखाली नंदुरबारमधल्या धडगावकडची एक मुलगी पीएचडीला आलीय, घरातली पहिलीच पदवीधर. घरी पावरी ही आदिवासी बोली, मराठी शाळेत शिकली आणि इंग्रजी त्यानंतर. हात इतका छान बसलाय, पिपेटच्या (द्रव मोजून घ्यायचं साधन) बटणाच्या पहिल्या स्टॉपला अंगठा बरोब्बर थांबतो, पण लॅब मीटिंगमध्ये एकदम गप्प होते आणि बाकीच्यांना वाटतं हिला काही येत नाही, मला फार वाईट वाटतं हो. सध्या आम्ही दोघी मीटिंगच्या आदल्या दिवशी मराठीत सगळं बोलून घेतो मग स्लाइड्स करतो, थोडा फरक पडलाय. अनुसूचित जमातींसाठीच्या (एसटी) नॅशनल फेलोशिपच्या देशभरात वर्षाला 750 जागा, तो अर्ज पण भरायचाय. कुणी असं मेंटॉरिंग केलंय का? किंवा स्वतः यातून गेलेलं कुणी तिच्याशी महिन्यातून एकदा फोनवर बोलेल का?